गुठळी काढण्याचा कोड आणि विचारण्याचा हक्क

(अमेरिकेतील इस्पितळांच्या बिलांचे कोडिंग करणाऱ्या मराठी भाषक तरुण कामगारांचा अभ्यासवर्ग सिकंदराबाद येथील रेल्वे वसाहतीत झाला. त्यात रेल्वे कामगार संघटनेच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. – संपादक)



आजच्या वर्गाचा विषय फळ्यावर लिहिलेला आहे : 'डायलिसिसच्या ग्राफ्टमध्ये झालेली रक्ताची गुठळी काढण्याच्या उपचाराला योग्य कोड कसा लावावा'. आणि बोलायला उभा राहिला आहे रेल्वेतला माणूस, तोही मॅट्रिक शिकलेला. सांधे आणि सिग्नल सांभाळणाऱ्याचे इथे काय काम, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

तुमच्यापैकी बरेच जण नांदेड, परभणी, पूर्णा, परळी या बाजूच्या रेल्वे कामगारांची मुले आहात. वडील यार्डात रात्रपाळी करतात आणि मुलगी संगणकासमोर रात्रपाळी करते. तुमचे प्रश्न घेऊन तुम्ही आमच्या शाखेकडे आलात, तेव्हा आम्ही एक अट घातली. ज्या कामाबद्दल मागणी मांडायची, ते काम आधी आम्हाला समजले पाहिजे. त्यानंतर दोन महिने दर रविवारी तुमच्यातल्याच चार अनुभवी मुलींनी आम्हाला पुस्तक उघडून शिकवले. आज मी जे सांगणार आहे ते त्यांनी शिकवलेले आहे. त्याला मी फक्त रेल्वेची भाषा जोडली आहे.

एका शब्दाची किंमत

वर्गवारी म्हणजे काय, हे रेल्वे कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. १९४७ सालच्या न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्यापासून आमच्या कामाच्या तासांची वर्गवारी ठरलेली आहे. काम 'कंटिन्युअस' असेल तर आठवड्याला ४८ तास. तेच 'इसेन्शियली इंटरमिटंट' ठरले, तर काही गेटमनना आठवड्याला ७२ तासांपर्यंत राबावे लागते. गेट तेच, माणूस तोच, ऊनपाऊसही तोच. नोंदवहीतला एक शब्द बदलला की घरी जायची वेळ बदलते. ही वर्गवारी कशी ठरते? गेटवर प्रत्यक्ष माणूस बसवून, किती गाड्या गेल्या, किती वेळा फाटक उघडले, याची नोंद करून. साहेबाच्या मर्जीवर ती ठरू नये आणि युनियनच्या इच्छेवरही ठरू नये. झालेल्या कामाच्या नोंदीवरून ती ठरावी, एवढेच आमचे म्हणणे असते.

तुमचा कोड हीसुद्धा वर्गवारीच आहे. डॉक्टरने जे केले ते अहवालात लिहिलेले असते. ते वाचून तुम्ही त्याला पाच अंकी आकडा देता. पैसे त्या आकड्यावर ठरतात. हे आकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी या पुस्तकातले. पहिली आवृत्ती १९६६ सालची, आणि दर वर्षी १ जानेवारीला त्यात बदल होतात. आपल्या रेल्वे इस्पितळातल्या बिलाला हे कोड लागत नाहीत. हे अमेरिकेतल्या रुग्णाचे, अमेरिकेतल्या विम्याचे काम आहे आणि ते हैदराबादला, पुण्याला, चेन्नईला बसून आपली मुले करतात.

दंडातली नळी

कोडाआधी रुग्णाकडे पाहू. कागदामागचे माणूस दिसले नाही तर कोड पाठ होतो, पण समजत नाही.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडावे लागते. बहुतेकांना हे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास करावे लागते. त्यासाठी रक्त जोराने बाहेर यायला वाट हवी. हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून वाट केली तर तिला फिस्टुला म्हणतात. शिरा बारीक किंवा खराब असतील, तर धमनी आणि शीर यांच्यामध्ये कृत्रिम नळी बसवतात, ती ग्राफ्ट. तिसरा प्रकार म्हणजे मानेतून किंवा छातीतून टाकलेला कॅथेटर. हे तीन प्रकार पक्के लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ग्राफ्टमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण फिस्टुलापेक्षा जास्त असते. नळी जिथे शिरेला जोडली आहे तिथे हळूहळू जागा अरुंद होत जाते, प्रवाह मंदावतो आणि एक दिवस नळी गच्च होते. चालू ग्राफ्टवर बोट ठेवले तर थरथर जाणवते. ती थांबली की रुग्णाला कळते, वाट बंद झाली. मग डायलिसिस थांबते. अंगात पाणी आणि पोटॅशियम साठू लागते आणि दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकते. म्हणून गुठळी काढायचे काम तातडीचे असते. गुठळी काढून भागत नाही. ज्या अरुंद जागेमुळे ती झाली ती जागाही रुंद करावी लागते, नाहीतर नळी पुन्हा बंद पडते. रुळावर अडकलेला डबा हलवला पण तुटलेला रूळ तसाच ठेवला, असे ते होईल.

याचे पैसे कोण देते? अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला आणि १९७३ पासून, मूत्रपिंड कायमचे निकामी झालेल्या बहुतेक सर्व रुग्णांना वयाची अट न लावता मेडिकेअर हा सरकारी विमा लागू झाला. पण बाहेरून येऊन घेतलेल्या अशा उपचारात मेडिकेअर साधारण ८० टक्के रक्कम देते. उरलेले २० टक्के रुग्णाच्या वाट्याला येतात. ज्याच्याकडे दुसरा पूरक विमा नाही, त्याला ते खिशातून भरावे लागतात. आठवड्याला तीन दिवस यंत्रापाशी काढणारा माणूस किती कमावत असेल? तुम्ही झालेल्या कामापेक्षा वरचा कोड लावला, तर त्या माणसाच्या खिशाला हात लागतो. हे फक्त सरकारचे आणि कंपनीचे भांडण नाही.

तीन प्रश्न

अहवाल हातात आला की तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे, असे मला शिकवले.

पहिला प्रश्न : वाट कोणती? शस्त्रक्रियेने कापून उघडले, की कातडीतून सुई आणि कॅथेटर घालून काम केले? दोन्हींच्या रांगा वेगळ्या आहेत.

उघड्या शस्त्रक्रियेची रांग लहान आहे. नुसती गुठळी काढली आणि ग्राफ्टची दुरुस्ती केली नाही, तर ३६८३१. गुठळी नव्हती, फक्त दुरुस्ती केली, तर ३६८३२. गुठळी काढली आणि दुरुस्तीही केली, तर ३६८३३.

सुईच्या वाटेची रांग २०१७ च्या १ जानेवारीपासून नवी झाली. त्याआधी गुठळीला ३६८७० होता, तो रद्द झाला. नव्या रांगेत सहा मुख्य कोड आहेत. गुठळी नाही, फक्त औषध सोडून चित्र घेतले, तर ३६९०१. चित्र आणि जवळच्या भागात फुगा फुगवून अरुंद जागा रुंद केली, तर ३६९०२. तिथे स्टेंट बसवला, तर ३६९०३. आता गुठळी आहे असे धरा. गुठळी यंत्राने काढली, किंवा औषधाने विरघळवली, किंवा दोन्ही केले, तर ३६९०४. त्याशिवाय जवळच्या भागात फुगा फुगवला, तर ३६९०५. तिथे स्टेंट बसवला, तर ३६९०६.

दुसरा प्रश्न : या सहांतला सर्वांत वरचा कोणता टप्पा प्रत्यक्ष झाला? एका बैठकीत या सहांपैकी एकच कोड लागतो. ३६९०६ मध्ये फुग्याचे काम आले, गुठळीचे आले, चित्रही आले. ३६९०५ मध्ये गुठळी आणि चित्र आले. नागपूरचे तिकीट काढले की वाटेतल्या बल्हारशाचे तिकीट वेगळे काढत नाहीत, तसे हे आहे. ३६९०४ आणि ३६९०२ अशी बेरीज करणे चूक, कारण त्या बेरजेसाठीच ३६९०५ आहे.

तिसरा प्रश्न : काम कोणत्या भागात झाले? हा प्रश्न रेल्वेच्या माणसाला चटकन कळला, कारण हे आमचे ब्लॉक सेक्शन आहेत. धमनीच्या जोडापासून हृदयापर्यंतच्या या वाटेचे पुस्तकाने दोन भाग केले आहेत. हातातल्या ग्राफ्टच्या बाबतीत धमनीच्या जोडापासून काखेतल्या ॲक्सिलरी शिरेच्या शेवटापर्यंतचा जवळचा भाग. सेफॅलिक शीर तिच्या वरच्या कमानीसकट यातच येते. पुढे सबक्लेव्हियन, इनॉमिनेट आणि सुपीरियर व्हेना कावा हा मधला भाग. ग्राफ्ट मांडीत असेल, तर कॉमन फेमोरल शिरेपर्यंत जवळचा भाग आणि पुढे इलियाक शिरांपासून इन्फीरियर व्हेना कावापर्यंत मधला भाग.

मधल्या भागात फुगा फुगवला तर मुख्य कोडाला ३६९०७ जोडायचा. तिथे स्टेंट बसवला तर ३६९०८, आणि मग ३६९०७ वेगळा नाही. एखादी शीर कायमची बंद केली तर ३६९०९. हे तिन्ही जोडकोड आहेत. इंजिनाशिवाय डबा चालत नाही, तसे हे मुख्य कोडाशिवाय पाठवता येत नाहीत.

आता सेक्शनचा नियम. ब्लॉक सेक्शनमध्ये किती पूल आहेत, किती वळणे आहेत, यावर लाईन क्लिअरची संख्या ठरत नाही. त्याचप्रमाणे एका भागात दोन ठिकाणी अरुंद जागा होती, तीन फुगे वापरले, तरी त्या भागाचा कोड एकदाच. सुया दोन ठिकाणी टोचल्या म्हणून कोड दोनदा होत नाही.

चार अहवाल

नियम ऐकून समजल्यासारखे वाटते, उदाहरण समोर आले की कळते. ही उदाहरणे आपण वर्गासाठी तयार केलेली आहेत. कंपनीतला एकही चार्ट, एकही छायाचित्र कोणी बाहेर आणायचे नाही. रुग्णाची माहिती ही त्याने विश्वासाने दिलेली ठेव आहे.

पहिला अहवाल. डाव्या दंडातला ग्राफ्ट बंद. दोन ठिकाणी सुया टोचून गुठळी यंत्राने फोडून काढली. शिरेच्या जोडापाशी ७० टक्के अरुंदपणा, फुगा फुगवला. काखेच्या शिरेत आणखी एक अरुंद जागा, तिथेही फुगा फुगवला. उत्तर : ३६९०५, एकदाच. दोन्ही जागा जवळच्या भागात आहेत.

दुसरा अहवाल. वरचे सगळे झाले आणि सबक्लेव्हियन शिरेतही अरुंदपणा सापडून फुगा फुगवला. उत्तर : ३६९०५ आणि जोडीला ३६९०७.

तिसरा अहवाल. गुठळी काढली. धमनीच्या जोडापाशी घट्ट गोळा अडकला होता, तो फुग्याच्या कॅथेटरने ओढून मोकळा केला. नंतरच्या चित्रात कुठेही अरुंदपणा नाही. फुगा हा शब्द दिसला की हात ३६९०५ कडे जातो. उत्तर मात्र ३६९०४. धमनीकडचा गोळा काढणे हा गुठळी काढण्याचाच भाग आहे, त्यासाठी फुगा वापरला तरी. पुस्तकात हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. फुगा हे हत्यार आहे. कोड हत्याराला लागत नाही, कामाला लागतो. पहार घेऊन गँगमन रूळ सरकवतो आणि त्याच पहारीने गिट्टीही मोकळी करतो. मस्टरवर काय लिहायचे ते पहार पाहून ठरत नाही.

चौथा अहवाल. ग्राफ्टचा प्रवाह मंद, डायलिसिसच्या वेळी दाब वाढतो, पण गुठळी नाही. जोडापाशी फुगा फुगवला. उत्तर : ३६९०२. अहवालात गुठळीची नोंद नसताना केवळ 'ग्राफ्ट नीट चालत नाही' या वाक्यावरून गुठळीचा कोड लावायचा नाही.

आता आणखी काही सांधे, जिथे गाडी चुकीच्या लाईनवर जाते.

मानेतल्या किंवा छातीतल्या कॅथेटरमध्ये गुठळी झाली आणि औषध सोडून ती विरघळवली, तर कोड ३६५९३. कॅथेटर म्हणजे ग्राफ्ट नव्हे. म्हणून ते तीन प्रकार पक्के करा म्हणालो.

सोनोग्राफीच्या मदतीने सुई टोचली, तर ७६९३७ वेगळा लागू शकतो. पण शीर मोकळी असल्याचे पाहिले, सुई जाताना प्रत्यक्ष पाहिली आणि चित्र जतन केले, हे अहवालात असेल तरच. नुसते 'सोनोग्राफी वापरली' एवढे पुरत नाही.

एकाच अहवालात उघडी शस्त्रक्रिया आणि सुईचे काम दोन्ही आले, तर दोन रांगांतून एकेक कोड उचलून बेरीज करायची नाही. कोडाखाली कंसात टीप असते. कोणाबरोबर कोण चालते आणि कोण चालत नाही, ते तिथे लिहिलेले असते. ती टीप वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही.

शेवटी निदानाचा कोड. अमेरिकेत २०१५ च्या १ ऑक्टोबरपासून आयसीडी-१० लागू आहे. ग्राफ्टमधल्या गुठळीला टी ८२.८६८ ए. ग्राफ्टच्या अरुंदपणाला टी ८२.८५८ ए. मूत्रपिंडाच्या अखेरच्या अवस्थेला एन १८.६ आणि डायलिसिसवर अवलंबून असण्याला झेड ९९.२. शेवटच्या 'ए' चा अर्थ 'पहिली भेट' असा अनेक जण घेतात. तो अर्थ 'उपचार चालू आहे' असा आहे. याच रुग्णाची नळी सहा महिन्यांनी पुन्हा बंद झाली आणि पुन्हा उपचार केला, तरी 'ए'च.

कमी लिहिणे हाही अन्याय

काही जणांनी एक सोपी युक्ती शोधली आहे. शंका आली की खालचा कोड लावायचा, म्हणजे कोणी पकडणार नाही. मित्रहो, ही युक्ती बरोबर नाही. अहवालात स्टेंटची स्पष्ट नोंद असताना ३६९०४ लावला, तर ज्या केंद्राने काम केले त्याचे नुकसान होते. रुग्णाच्या नोंदीत स्टेंटचा पत्ता राहत नाही. आणि ऑडिटरच्या वहीत ती चूक वरच्या कोडाइतकीच चूक म्हणून चढते. ओव्हरटाइमचे तास कमी लिहिणाऱ्या टाइमकीपरला आम्ही प्रामाणिक म्हणत नाही. नोंद असेल तेवढेच, आणि नोंद असेल ते सगळे, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा आहे.

अहवाल मुका असेल तर

आता मुख्य मुद्द्यावर येतो. यासाठीच मी उभा राहिलो.

समजा, अहवालात लिहिले आहे : 'गुठळी काढली, फुगा फुगवला, प्रवाह उत्तम.' एवढेच. फुगा कुठे फुगवला? अरुंद जागा होती का? किती होती? की तो नुसता गोळा ओढायला वापरला? उत्तर ३६९०४ असू शकते, ३६९०५ असू शकते, ३६९०७ सुद्धा जोडावा लागू शकतो. अहवाल काहीच सांगत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे एकच वाट आहे. डॉक्टरला लेखी विचारणा करायची आणि उत्तर येईपर्यंत चार्ट थांबवायचा. विचारणाही अशी हवी, की तिच्यात उत्तर सुचवलेले नसेल. 'आपण जवळच्या भागात फुगा फुगवला ना?' असे विचारायचे नाही. 'फुगा कोणत्या जागी आणि कशासाठी वापरला, ते कृपया नोंदवावे,' असे विचारायचे.

आमच्याकडे स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला फोन करतो, लाईन क्लिअर मागतो, प्रायव्हेट नंबर घेतो आणि वहीत लिहितो. पुढून उत्तर आले नाही, तर गाडी उभी राहते. कंट्रोल ओरडते, प्रवासी ओरडतात. तरी 'पुढची लाईन मोकळीच असणार' असा अंदाज करून गाडी सोडण्याची परवानगी कोणालाही नाही. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव बदलले, पण गाडीच्या सुरक्षिततेची त्याच्यावरची जबाबदारी बदलली नाही. थांबण्याचा अधिकार ही आमच्या कामातली चैन नाही, तो कामाचाच भाग आहे.

तुमच्याकडे काय होते? इथे बसलेल्यांनी सांगितले, ते सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण हे एका कंपनीचे दुखणे नाही. तासाचे टार्गेट ठरलेले असते. विचारणेसाठी थांबवलेला चार्ट टार्गेटमध्ये धरत नाहीत. दुसऱ्या बाजूने ९५ टक्के अचूकतेची अट असते. म्हणजे थांबलात तर टार्गेट जाते, अंदाज केलात तर अचूकता जाते. दोन्हीकडून इन्सेंटिव्ह जातो. मग टीम लीडर हळूच सांगतो, 'बहुतेक वेळा ३६९०५ च असतो, लावून टाक.' हे तो कधी लेखी देत नाही.

हे 'लावून टाक' किती महाग पडू शकते ते पाहा. अमेरिकेत १८६३ साली, तिथल्या यादवी युद्धाच्या काळात, सैन्याला खोटा माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना आवरण्यासाठी फॉल्स क्लेम्स ॲक्ट हा कायदा झाला. तो आजही लागू आहे. सरकारकडून खोट्या बिलाचे पैसे उकळले तर नुकसानीच्या तिपटीपर्यंत वसुली होते, शिवाय प्रत्येक बिलामागे दंड. 'मला माहीत नव्हते' हा बचाव तिथे नेहमी चालत नाही. जाणूनबुजून डोळेझाक केली किंवा बेफिकिरी दाखवली, तरी कायदा लागू होतो. पैसे केंद्राकडून वसूल होतील हे खरे. पण केंद्र कंत्राटदार कंपनीला विचारेल, कंपनी टीम लीडरला विचारेल आणि टीम लीडर तुमच्या लॉगिनकडे बोट दाखवील. अपघातानंतर चौकशी बसते तेव्हा शेवटचा कागद पॉइंट्समनच्या सहीचा असतो, हे आम्ही नेहमी पाहतो. ज्याने घाई करायला लावली त्याची सही कुठेच नसते.

म्हणून योग्य कोड निवडणे हा केवळ अभ्यासाचा प्रश्न नाही. कितीही हुशार मुलगी असली आणि पुस्तक तोंडपाठ असले, तरी मुक्या अहवालातून तिला खरा कोड काढता येणार नाही. तो विचारूनच मिळेल. विचारायला वेळ दिला नाही, तर चूक तिची म्हणता येणार नाही. ती कामाच्या पद्धतीची चूक आहे.

आपल्या मागण्या

चर्चेतून पाच मागण्या निघाल्या आहेत. त्या वाचून दाखवतो.

एक, डॉक्टरला लेखी विचारणा करण्यात गेलेला वेळ हा कामाचा वेळ म्हणून धरावा.

दोन, विचारणेसाठी थांबवलेला चार्ट उत्तर येईपर्यंत टार्गेटमध्ये उणा धरू नये.

तीन, ऑडिटरने काढलेली चूक लेखी द्यावी, पुस्तकातल्या कोणत्या टिपेच्या आधारे काढली ते लिहावे आणि तिच्यावर दाद मागण्याची सोय असावी. तुम्ही ३६९०४ लावला आणि ऑडिटरने 'फुगा वापरला होता' म्हणून चूक धरली, तर धमनीच्या गोळ्याची टीप दाखवून ती चूक पुसून घेता आली पाहिजे.

चार, दर वर्षी १ जानेवारीच्या आणि निदानाच्या कोडांसाठी १ ऑक्टोबरच्या आधी नवे पुस्तक आणि प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने, कामाच्या वेळेत द्यावे. कोड रद्द होतात, नवे येतात. २०१७ साली पूर्ण रांग बदलली तशी पुन्हा बदलू शकते. नवे सिग्नल बसवून जुन्या नियमपुस्तकावर गाडी चालवायला कोणी सांगत नाही.

पाच, कोड बदलण्याची सूचना वरिष्ठांनी द्यायची असेल तर ती लेखी द्यावी.

यातली एकही मागणी पगारवाढीची नाही, असे काही तरुण म्हणाले. पगारवाढीचे बोलूच, त्याला वेगळी सभा घेऊ. पण या पाच गोष्टी मिळाल्याशिवाय पगारातला इन्सेंटिव्ह तुमच्या हातात राहणार नाही, हे ध्यानात घ्या. शिवाय या मागण्यांना नाही म्हणणे मालकालाही अवघड आहे. आपण काम कमी करायला मागत नाही, काम बरोबर करायला मागतो. खोटे बिल जाऊ नये असे केंद्रालाही वाटते, विम्यालाही वाटते आणि ज्याच्या दंडात ती नळी आहे त्यालाही वाटते.

काही जण म्हणतात, आम्ही संगणकावर काम करतो, आम्हाला संघटना कशाला? आमच्या वेळी बुकिंग क्लार्क असेच म्हणायचे. टेबलावर बसून काम करणारा माणूस एकटा पडला की तो लवकर घाबरतो, कारण त्याच्या शेजाऱ्यालाही त्याचे दुखणे दिसत नाही. एकट्या मुलीने चार्ट थांबवला तर ती 'स्लो' ठरते. त्याच पाळीतल्या चाळीस जणांनी एकाच नियमाने मुका अहवाल थांबवला, तर तो नियम होतो.

आज घरी जाताना दोन कामे घेऊन जा. पहिले, फळ्यावरचे तीन प्रश्न वहीत उतरवून घ्या : वाट कोणती, सर्वांत वरचा टप्पा कोणता, भाग कोणता. आजच्या पाळीत गुठळीचा प्रत्येक चार्ट याच क्रमाने वाचा. दुसरे, विचारणा केव्हा केली, कोणत्या मुद्द्यावर केली, उत्तर किती तासांनी आले आणि टार्गेटमध्ये ती कशी धरली, याची महिनाभर नोंद ठेवा. रुग्णाचे नाव नको, चार्टचा क्रमांक नको. फक्त तारीख, वेळ आणि मुद्दा. महिन्याने या नोंदी एकत्र करून आपण व्यवस्थापनाला भेटायला जाऊ. गेटमनचे तास कमी करून घेताना आम्ही अशाच वह्या टेबलावर ठेवल्या होत्या.

पाच मागण्यांचा ठराव मी सभेपुढे मांडतो. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. ज्यांना काही दुरुस्ती सुचवायची असेल, त्यांनी आधी बोलावे. वेळ आहे, आणि इथे प्रश्न विचारल्याबद्दल कोणाचे टार्गेट कापले जाणार नाही.